रोझीनचं पिंप

१

सोमवारी सकाळी नोरीन कास्तेलांच्या औषधाच्या दुकानात कॉड माशाच्या तेलाचा डबा फळीवरून पडून फुटला, आणि सगळं दुकान असं घाण मारू लागलं की खोकल्याचं औषध न्यायला आलेली पाववाल्याची बायको नाकाला पदर लावावा तसा स्कार्फ लावून बाहेरच्या बाहेर पळाली. नोरीन गुडघे टेकून लाकडाचा भुसा पसरत होती. तेवढ्यात म्हातारा सिप्रियां आत आला, त्याच तेलाच्या थारोळ्याशेजारची खुर्ची ओढून निवांत बसला आणि टोपी मांडीवर ठेवून म्हणाला, "नोरीनबाई, माझी वाइन चोरीला गेली."

नोरीनने वर पाहिलं. बाई एकसष्ट वर्षांची, बुटकी, जाड भिंगाचा चष्मा लावणारी. पोर्त-कालादच्या अर्ध्या गावाचा ताप तिने उतरवलेला आणि पाऊण गावाची वाइन तिने तपासलेली. समुद्राकडे उतरत जाणाऱ्या डोंगरावर ज्याचा ज्याचा द्राक्षमळा, तो तो दर हिवाळ्यात एक बाटली घेऊन तिच्या दुकानाच्या मागच्या खोलीत यायचा. गावात कुणाचं काही हरवलं, कुणाचं कुणाशी बिनसलं, तरी लोक पोलिसांच्या आधी तिच्याकडेच येत.

"कुठली वाइन?"

"कुठली म्हणजे? रोझीनची."

नोरीन उठून उभी राहिली. रोझीन म्हणजे सिप्रियांची बायको. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. जायच्या आधीच्या हंगामात, साठ सालच्या ऑक्टोबरात, सिप्रियां शिडीवरून पडून पाय मोडून घेऊन दोन महिने अंथरुणाला खिळला होता. तेव्हा द्राक्षं तोडण्यापासून पिंप भरण्यापर्यंत सगळं रोझीनने एकटीने केलं. ते एकच पिंप, शंभर लिटरचं. बाकीचे लोक दीड-दोन वर्षांनी वाइन लाकडातून काढून बाटल्यांत भरतात; सिप्रियांने ते पिंप हलवलंच नाही. नातीच्या, आगातच्या लग्नात फोडायचं, असं त्याने ठरवलं होतं. आणि लग्न याच शनिवारी होतं.

"सगळी गेली?" नोरीनने हळूच विचारलं.

"सगळी."

"पिंप रिकामं आहे?"

"छे! काठोकाठ भरलंय. म्हणून तर म्हणतोय."

नोरीनने चष्मा काढून पुसला. "सिप्रियां, सकाळी सकाळी काय घेतलंस?"

"चेष्टा करू नका बाई. रोज कॉफीच्या आधी मी तळघरात जातो आणि पिंपाला बोटांनी टकटक करतो. तीन वर्षांत एक दिवस चुकलो नाही. अलीकडे वरच्या बाजूला वाजवलं की पोकळ वाजायचं. आज वाजवलं तर मुकं! भरलेल्या पिंपासारखं मुकं. माझी वाइन काढून कुणीतरी त्यात भलतंच काहीतरी ओतलंय. आणि कुणी ते मला ठाऊक आहे."

"कुणी?"

"लाझारने. होणाऱ्या जावईबापूंनी. सहकारी वाइनघरात कामाला आहे ना, नळ्या काय, पंप काय, सगळं हाताशी. महिन्यापूर्वी माझ्या मागे लागला होता, 'आजोबा, एकदा चाखू द्या, एकदा चाखू द्या.' मी हाकलला. आता ऐका. चोर सापडल्याशिवाय मी लग्नाला येणार नाही. आणि शुक्रवारपर्यंत सापडला नाही, तर पोलीस चौकीत जाऊन त्या पोराचं नाव लिहून देणार."

"आगातला हे सांगितलंस?"

म्हाताऱ्याने मांडीवरची टोपी डोक्यावर घातली. "सांगितलं. रडतेय."

२

सिप्रियांचं तळघर डोंगराच्या अंगाला, अर्धं खडकात कोरलेलं. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली असायची. घरच्या माणसांखेरीज तिथे कुणाचा हात जात नसे. घरची माणसं म्हणजे आजोबा आणि नात, दोघंच.

पिंप आपल्या जागेवर, लाकडी पाचरींवर आडवं होतं. दर्शनी बाजूला खडूने लिहिलेलं: "१९६०", आणि खाली गोल पोटाचा, शेपूट वळवलेला 'र'.

"रोझीनचं अक्षर," सिप्रियां म्हणाला. "पुसलं जाईल म्हणून मी कधी फडकंसुद्धा लावलं नाही."

नोरीनने बूच काढलं, काचेच्या नळीने थोडी वाइन वर ओढली आणि पेल्यात सोडली. आधी नाक जवळ नेलं. मग एक घोट घेतला आणि बराच वेळ तोंडात धरून ठेवला.

ही त्या डोंगरावरचीच द्राक्षं होती, यात शंका नाही. बारीक, काळी, जाड सालीची; सगळ्यांत उशिरा पिकणारी. रस आंबायला लागला की त्या साली फुगून वर येतात, त्यांचा जाड थर बसतो आणि तो दिवसातून दोनदा खाली दाबावा लागतो, नाहीतर रंग उतरत नाही. इथे रंग पुरता उतरला होता. पहिल्या दोन वर्षांत ही वाइन जीभ सोलून काढते. त्यानंतर लाकडात ती शहाणी होते. ही शहाणी झालेली होती.

"कशी आहे?" सिप्रियांने दुसरीकडे बघत विचारलं.

"तूच चाख की."

"नको. तुम्हीच सांगा."

"सिप्रियां, इतकी सुरेख वाइन मी गेल्या दहा वर्षांत चाखलेली नाही."

म्हातारा गोंधळला. चोरीचा माल वाईट निघायला हवा होता.

नोरीनने पेला दाराशी उजेडात धरला. वाइन गढूळ होती. फार नाही, तळाचा गाळ नुकताच ढवळला जावा तितकी. तीन वर्षं जागचं न हललेल्या पिंपातली वाइन आरशासारखी स्वच्छ असायला हवी. मग ती वाकली आणि पिंपाच्या लोखंडी पट्ट्यांवरून तिने बोट फिरवलं. बोटाला नारिंगी गंज लागला. शेजारच्या दोन रिकाम्या पिंपांच्या पट्ट्या मात्र काळ्याभोर, कोरड्या.

आणि चिलटं. पिंपाच्या बुचाजवळ एकही नव्हतं, पण पिंपाखालच्या चुनखडीच्या फरशीवर, जिथे वर्षानुवर्षं थेंब थेंब गळून डाग पडला होता, तिथे ढग जमलेला. नोरीनने चष्मा कपाळावर सरकवला आणि बोट टेकवलं. दगड जागोजागी खाल्ल्यासारखा, खडबडीत झाला होता.

"पिंपात भर कधी घातली होतीस शेवटची?"

"घालायचो की. दर आठवड्याला. लाकूड पितं तेवढी वरून ओतायची, एवढं मला कळत नाही का?"

"शेवटची कधी?"

"हिवाळ्यात." त्याने विषय झटकला. "ते राहू दे. चोराचं बोला."

नोरीन गुडघ्यांवर हात टेकत उठली. "एक गोष्ट नक्की. पिंपातून वाइन काढून दुसरी ओतलेली नाही."

"मग?"

"अख्खं पिंपच बदललंय. हे तुझं पिंप नाही, सिप्रियां."

"बाई, डोळे आहेत ना तुम्हाला? हे अक्षर बघा! हे रोझीनचंच अक्षर आहे!"

"हो," नोरीन म्हणाली. "तेच तर मला कळत नाही. पिंप तुझं नाही, आणि अक्षर मात्र रोझीनचंच आहे."

३

लाझार सहकारी वाइनघराच्या अंगणात हौद घासत होता. उंच, काटकुळा, कान मोठे. नोरीनला बघून त्याने ब्रश खाली ठेवला.

"तुम्हीसुद्धा मला चोर म्हणायला आलात?"

"मी तुला अजून काहीच म्हटलेलं नाही. रविवारी कुठे होतास?"

"अख्ख्या गावासमोर! संत पीटरची मूर्ती खांद्यावर होती माझ्या. देवळापासून धक्क्यापर्यंत, आणि धक्क्यावरून नावेत. खांदा बघायचाय? सोलून निघालाय."

रविवारी नावांना आशीर्वाद द्यायचा कोळ्यांचा सण होता. सगळं गाव धक्क्यावर. सिप्रियां दरवर्षीप्रमाणे निशाण धरून मिरवणुकीत पुढे होता. गल्ल्या सकाळी दहापासून एकपर्यंत ओस. पिंप हलवायचं तर याहून चांगली वेळ नव्हती.

"म्हाताऱ्याची वाइन चाखायची एवढी घाई का होती तुला?"

लाझार कानापर्यंत लाल झाला. "घाई माझी नव्हती. महिनाभरापूर्वी मी त्यांच्या तळघरात लाकडं रचायला गेलो होतो. मला तिथे एक वास आला. तुम्हाला कळतं ना कसला वास ते? वाटलं, एकदा चाखून खात्री करावी. पण त्यांना काय म्हणू? 'आजोबा, तुमच्या बायकोची वाइन बिघडतेय' असं? त्यांनी मला फावडंच मारलं असतं."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही," तो म्हणाला. पण ते इतक्या चटकन की नोरीनने ते मनात टिपून ठेवलं.

तिथून ती धक्क्यावरच्या बार्नाबेच्या खानावळीत गेली. हा बार्नाबे दोन वर्षं ते पिंप विकत मागत होता. त्याचं तळघर समुद्राच्या तोंडाशी होतं, आणि खाऱ्या वाऱ्याने तिथल्या लोखंडाला महिन्याभरात गंज धरत असे.

"मी?" बार्नाबेने दोन्ही हात आभाळाकडे नेले. त्या हातांत एक सोललेलं कालवही होतं. "रविवारी माझ्याकडे नव्वद माणसं जेवायला होती! माशांच्या रश्श्याच्या चार कढया! मला मुतायला वेळ नव्हता बाई, पिंप कुठलं चोरतोय?"

"पण पिंप हवं होतं तुला."

"हवं होतं, आहे आणि राहील. पण मी चोरून नेलं असतं तर त्या जागी दुसरं भरलेलं पिंप ठेवून आलो असतो का? माझ्या आईने मूर्ख पोर जन्माला घातलं नाही." मग तो पुढे झुकला. "तुम्हाला एक सांगू? त्या दिवशी आगात जेवायला आली ती पाऊण तास उशिरा. नवऱ्याने मूर्ती वाहिली आणि नवरी गायब! आली तेव्हा हात कोपरापर्यंत धुतलेले, पण नव्या पांढऱ्या झग्यावर इथे, कमरेपाशी, आडवा पट्टा. नारिंगी. मला वाटलं, पोरीने रस्साच सांडला. पण रस्सा तर तोवर वाढलाच नव्हता."

४

आगात गच्चीवर लग्नाच्या जेवणासाठी चादरी वाळत घालत होती. डोळे सुजलेले. नोरीनने एक चादर दुसऱ्या टोकाने धरली आणि दोघींनी मिळून ती ताणली.

"झग्यावरचा डाग निघाला का गं?"

आगातच्या हातातली चादर सुटली. "कुठला डाग?"

"गंजाचा. लिंबू आणि मीठ चोळ. निघतो."

"मावशी, मला काही माहीत नाही."

"मी काही विचारलंच नाही अजून."

पोरीने ओठ घट्ट मिटले. रोझीनची हीच सवय. बोलायचं नसलं की बाई ओठ असे मिटायची, जणू तोंडात बूच बसवलंय. नोरीनने मग विचारलंच नाही. चादरी वाळत घालून झाल्यावर ती जिन्याकडे वळली, आणि तिसऱ्या पायरीवर मध्येच थांबली.

तिला आठवलं ते साठ सालच्या ऑक्टोबरातलं. रोझीन दुकानात आली होती. हाताची बोटं द्राक्षांनी काळीनिळी, केसांत पाला, चेहरा दमलेला पण खुशीत. गंधकाच्या वाती मागत होती. पिंप भरण्याआधी आत गंधकाची वात जाळतात, म्हणजे लाकडात दडलेलं वाईट मरतं. एका पिंपाला एक वात. रोझीनने दोन मागितल्या होत्या.

"एका पिंपाला दोन वाती?" नोरीनने थट्टा केली होती. "उधळी झालीस गं."

"एखादी सादळलेली निघाली तर?" असं म्हणून रोझीनने ओठ मिटले होते.

नोरीन खाली अंगणात आली आणि दगडी कठड्यावर बसली. म्हणजे पिंपं दोन होती! शंभर-शंभरची. एकाच पिंपवाल्याकडची, एकाच वेळी भरलेली. दोन्हींवर रोझीननेच खडूने लिहिलं. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला किती रस निघाला हे कळणार कसं? एक पिंप तिने घरी ठेवलं. दुसरं कुणाला तरी दिलं. सिप्रियांपासून लपवून द्यावं लागेल, असं कुणाला तरी. ज्याचं तळघर समुद्राकडे आहे आणि ज्याने साडेतीन वर्षं एक आठवडा न चुकवता पिंपात भर घातली आहे, अशा कुणाला तरी.

समुद्राकडे तोंड असलेली घरं पोर्त-कालादमध्ये पुष्कळ होती. पण ज्या घराचं नाव सिप्रियांसमोर काढायची गावात सोय नव्हती, असं एकच होतं.

नोरीनने टोपी नीट केली आणि उतार उतरायला लागली.

५

एल्झेआर म्हणजे सिप्रियांचा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर मळ्याची वाटणी झाली, तेव्हा डोंगराच्या सगळ्यांत वरच्या तालीवरून, म्हणजे बांध घालून केलेल्या पायरीवरून, दोघांचं वाजलं. तिथे सगळ्यांत जुने वेल होते. कागदावर ती ताल सिप्रियांच्या नावे लागली. ते वेल मात्र लहानपणापासून एल्झेआरने छाटले होते. तेव्हापासून अकरा वर्षं दोघं भाऊ बोलत नव्हते. एका गल्लीत समोरासमोर आले तर एक जण भिंतीकडे तोंड करून पाइप पेटवायचा.

एल्झेआर अंगणात आपल्या खेचरीच्या खुरातले खडे काढत बसला होता. खेचरीचं नाव कोकेत. गावातलं हे शेवटचं खेचर.

"काय नोरीनबाई, औषध घरपोच द्यायला लागलात?"

"तळघर दाखव, एल्झेआर."

"तळघरात काय बघायचंय? अंधार आहे."

"अंधारात एक पिंप आहे. त्यावर '१९६०' लिहिलंय, आणि खाली शेपूट वळवलेला 'र'. त्यात व्हिनेगर आहे."

एल्झेआरने कोकेतचा पाय हळूच खाली ठेवला. मग बाकावर सरकून जागा केली. नोरीन बसली.

"तुम्हाला कुणी सांगितलं? पोरीने?"

"पोरीचं तोंड तिच्या आजीवर गेलंय. मला पिंपाने सांगितलं. वाइन गढूळ होती, म्हणजे पिंप एक-दोन दिवसांत हललेलं. पट्ट्यांना गंज, म्हणजे समुद्राकडच्या तळघरातलं. फरशीवरच्या डागाला चिलटं, दगड खाल्लेला, पण वरच्या पिंपात मात्र उत्तम वाइन. म्हणजे आधी तिथे जे पिंप होतं, ते आंबून गेलेलं. आणि तुझ्यासारखा माणूस आंबलेल्या पिंपात चांगली वाइन कधी ओतणार नाही. लाकडातच आंबटपणा मुरलेला असतो, आठवड्यात नवी वाइनही नासली असती. म्हणून अख्खं पिंपच बदलावं लागलं. आता तू सांग, कोकेतला घेऊन चढ चढायला किती वेळ लागला?"

"अर्धा तास," एल्झेआर कबूल झाला. "ढकलत होतो मागून, पोर आणि मी. कोकेतने वाटेत जे काही ठेवलं ते उचलून आणून टोमॅटोला घातलं, नाहीतर तुमच्याआधी गावानेच ओळखलं असतं."

"आगात तुझ्याकडे कशी आली?"

"गेल्या गुरुवारी. अकरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या उंबऱ्यात. त्या लाझारला वास आला होता म्हणे, त्याने तिला सांगितलं. पोरीने चोरून चाखून बघितलं आणि सरळ माझ्याकडे आली. म्हणाली, 'आजोबांना कळलं तर ते मरतील. आजीची वाइन त्यांच्या हातून मेली असं त्यांना वाटेल.' तिला फक्त विचारायचं होतं, की नासलेली वाइन सुधारते का. मी म्हटलं, नाही सुधारत. आणि तिला खाली घेऊन गेलो." त्याने पाइप काढला, पण पेटवला नाही. "वहिनीने दुसरं पिंप मला दिलं होतं. त्या वर्षी वरच्या तालीची द्राक्षं त्यात गेली होती ना. मला म्हणाली, 'एल्झेआर भावजी, ते वेल तुम्ही वाढवलेत. अर्धं तुमचं. तुमच्या भावाला सांगायचं नाही, त्याचा पाय आधीच दुखतोय.'"

नोरीनला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

"आणि तू ते साडेतीन वर्षं सांभाळलंस."

"न पिता! एवढं लिहून घ्या, न पिता. पण मला एक कळत नाही बाई. सिप्रियांला वास कसा आला नाही? नाक होतं त्याचं. बापाच्या वेळी तो बंद पिंपाजवळून नुसता गेला तरी सांगायचा, आत काय चाललंय ते."

"होतं," नोरीन म्हणाली. "सकाळी तो माझ्या दुकानात फुटलेल्या माशाच्या तेलाशेजारी दहा मिनिटं बसला होता. चेहऱ्यावर आठी नाही. जानेवारीत त्याला तो जबरदस्त ताप आला होता ना? त्यात त्याचं नाक गेलं. तेव्हापासून त्याने ना पिंप उघडलं, ना चाखलं, ना भर घातली. नुसता वाजवत बसला. आणि हे त्याने कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेलं नाही."

एल्झेआरने रिकामा पाइप हातात फिरवला.

"मग तुम्हीही सांगू नका," तो म्हणाला. "म्हणा, चोर सापडला नाही. वाइन चांगली आहे, लग्नात प्या."

"आणि लाझार? शुक्रवारी सिप्रियां चौकीत त्याचं नाव लिहून देणार आहे."

खेचरीने मान झटकली. एल्झेआरच्या हातातला पाइप खाली पडला.

६

मंगळवारी सकाळी नोरीनने सिप्रियांला त्याच्या तळघरातच सांगितलं. काही गाळलं नाही. दुसरं पिंप, गंधकाच्या वाती, कोकेत, आगात, सगळं. नाकाचं सांगितलं तेव्हा तो भडकला.

"कोण म्हणतं माझं नाक गेलं?"

"माझ्या हाताला कसला वास येतोय, सांग."

त्याने तिचा हात नाकाशी धरला. बराच वेळ धरला. मग सोडला.

"लसणाचा?" तो पुटपुटला.

"कालपासून घासतेय तरी माशाच्या तेलाचा वास जात नाहीये, सिप्रियां."

म्हातारा पाचरींशेजारी, खाली फरशीवरच बसला. "तापातून उठलो, बूच काढलं, तर काहीच नाही," तो म्हणाला. "पाणी असावं तसं. मला वाटलं, तीच गेली. पुन्हा एकदा. चाखायचा धीर झाला नाही बाई. म्हटलं, उघडायचंच नाही. वाजवलं की आवाज तर येतो." त्याने तळहातांनी चेहरा घासला. "मी मारली तिची वाइन."

"अर्धी," नोरीन म्हणाली. "तिने अर्धी जिथे जपली जाईल तिथे ठेवली होती."

सिप्रियांने टोपी घातली आणि तो उठून चालू लागला. नोरीन मागे मागे गेली, पण थोडं अंतर ठेवून. उताराच्या गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या, तिसरीही उघडली. सिप्रियां एल्झेआरच्या अंगणात शिरतोय हे बघून पाववाल्याच्या बायकोने नवऱ्याला हाक मारली.

एल्झेआर बाकावरून उठला. दोघं म्हातारे समोरासमोर उभे राहिले. कोकेत मध्ये.

"पाचर उलटी लावून आलास," सिप्रियां म्हणाला. अकरा वर्षांतलं पहिलं वाक्य.

"घाईत होतो," एल्झेआर म्हणाला.

"दाखव तिची ती वाइन."

तिघं तळघरात गेले. एल्झेआरने त्या पिंपातून पेलाभर काढून दिलं. सिप्रियांने ते आधी नुसतं हातात धरलं, मग एकदम तोंडाला लावलं. त्याचा चेहरा आक्रसला, डोळ्यांतून पाणी आलं, तो खोकला, आणि पुन्हा प्यायला.

"आंबट," तो म्हणाला. "एल्झेआर, आंबट लागतंय! मला लागतंय!"

"व्हिनेगर आहे ते, गाढवा. आंबटच लागणार."

"पण लागतंय ना!" सिप्रियां म्हणाला आणि भावाचा हात धरून ढसाढसा रडायला लागला. नोरीन जिना चढून वर आली आणि कोकेतला कपाळावर खाजवत उभी राहिली.

त्या संध्याकाळी सिप्रियां सहकारी वाइनघरात गेला. लाझार हौदात उतरलेला होता. म्हातारा कठड्यावर वाकून म्हणाला, "ए, जावईबापू. नाक चांगलंय तुझं. पुढच्या हिवाळ्यापासून माझ्या पिंपांना भर तू घालायचीस." लाझारने हौदातूनच मान डोलावली.

शनिवारी देवळातून सगळे सिप्रियांच्या अंगणात आले. पाइनच्या झाडांखाली लांबच लांब टेबल. भाजलेलं कोकरू, जैतून, बार्नाबेने स्वतः आणलेल्या कालवांच्या दोन टोपल्या. सहा दिवसांत गाळ खाली बसला होता; पेल्यांतून वाइन काळसर लाल, स्वच्छ चमकत होती. पहिला घोट घेताच बार्नाबेने कालवं सोडून पेला पुन्हा पुढे केला. आगातने आजीचं नाव घेतलं, सगळ्यांनी पेले उंचावले.

सिप्रियांने आपल्या शेजारच्या खुर्चीवर एल्झेआरला बसवलं होतं. त्याने पेला भावाच्या नाकाशी धरला.

"सांग."

"काय सांगू?"

"काय काय येतंय ते. एकेक करून."

एल्झेआरने डोळे मिटले. "आधी आलुबुखार. काळं, झाडावरच सुरकुतलेलं. मग चामडं. नव्या खोगिरासारखं. मग... थांब... उन्हात तापलेल्या दगडावरचा ओवा. आपला रानातला."

"आणि समुद्र?"

"समुद्र नाही."

"नाही कसा? वरच्या तालीच्या द्राक्षांना समुद्राचा वास असतोच. खारट वारा थेट लागतो तिथे."

"वरच्या तालीला वारा लागतच नाही. मध्ये खडक आहे. मी तीस वर्षं छाटलेत ते वेल."

"खडक आहे, पण खडकाला फट आहे! मी तिथे बसून जेवलोय, माझी टोपी उडाली होती!"

"टोपी तू खालच्या तालीवर घालवलीस! मीच आणून दिली होती!"

दोघं उभे राहिले. कोकराची ताटं तशीच. आगात घाबरून नोरीनकडे बघायला लागली. "मावशी, पुन्हा सुरू झालं. काहीतरी करा ना."

"खाली बस आणि जेव," नोरीन म्हणाली. "अकरा वर्षं तुंबलंय सगळं. वाहू दे."

तेवढ्यात दोघांनी नॅपकिन टेबलावर टाकले आणि निघाले. लग्नाचे काळे कोट, पॉलिश केलेले बूट, आणि डोंगराची वाट. फट आहे की नाही, हे बघून यायचं होतं. पाहुणे खुर्च्या वळवून बघत राहिले. पहिल्या तालीवर दोघं वेगवेगळे चालत होते. दुसऱ्या तालीवर सिप्रियांचा मोडलेला पाय कुरकुरायला लागला असावा, कारण एल्झेआर थांबला. तिसऱ्या तालीवर मोठ्याचा हात धाकट्याच्या खांद्यावर होता, आणि वेलांच्या हिरव्या पानांमधून त्यांचं भांडण अजून खालपर्यंत ऐकू येत होतं.